घट

हुपरीत सकाळी झाडू हळू मारतात.
केरात चांदी असते.
उंबऱ्याची माती, पायपुसणं, हात धुतल्याचं पाणी,
सगळं डब्यात साठतं
आणि महिन्याकाठी झारेकरी येऊन
तो केर वजनावर विकत नेतो.
आमच्या गावात फुकट काही जात नाही,
असं आप्पा पाव्हण्यांना सांगतात.

परवा परदेशी गिऱ्हाइकाचा फॉर्म आला.
बावीस पानं. शिकलेली म्हणून माझ्या टेबलावर.
घरी आणला. मोठ्यानं वाचला :
‘आपल्या पुरवठा साखळीची माहिती द्या.’
आई पैंजणाच्या कड्या जोडत होती.
म्हणाली, ‘साखळीची? मग मला इच्यार की.’

पहिला प्रश्न : चांदी कुठल्या खाणीतली?
आता काय सांगू.
काल मुशीत जे वितळलं त्यात
गडहिंग्लजच्या कुणाचे तरी वाळे होते,
चेपलेला करंडा, तुटकी जोडवी,
बारशाची एक वाटी, तिच्यावर ‘चि. सुल’
आणि पुढचं झिजलेलं.
मी लिहिलं : खाण नाही. घरं.

चौथा : ॲसिडच्या पाण्याची विल्हेवाट?
इलाहीचाचा पूर्वी गटारीत सोडायचे,
आता चुन्याच्या टाकीत.
पावती आहे, जोडली.
चाचांची नखं मात्र
टाकीच्या आधीच गेली.
त्याला रकाना नव्हता.

सातवा : चौदा वर्षांखालचं कुणी काम करतं का?

मी नऊ वर्षांची होते.
शाळेतून आले की ताटलीत कड्या ओतलेल्या,
मोहरीएवढ्या.
लहान बोटं बारीक कडीला बरी पडतात
हे कुणी शिकवत नाही,
घरात असतंच ते, कॅलेंडरसारखं.
सतराचा पाढा मी कड्यांवर पाठ केला.
फीचे पैसेही त्यातलेच.
म्हणजे हा प्रश्न वाचता येण्याइतकी
मी शिकले ती
त्याचं उत्तर ‘होय’ होतं म्हणून.

आप्पा म्हणाले, ‘नाही लिही.
आता कुठं राह्यलंय तसलं.’
खरं होतं. बरंचसं.
पण मागच्या गल्लीत मालनवहिनीची आर्या
रविवारी दार लावून बसते.
दर ग्रॅमवर आहे,
आणि वहिनीला एका डोळ्यानं दिसत नाही.

आईला विचारलं, काय लिहू?
तिनं चिमटा खाली ठेवला नाही.
‘किलोला किती घट धरता गं तुम्ही हापिसात?’
‘ठरलेली असते. आटणीत एवढी, घासणीत एवढी.’
‘आन् आमची?’
बास. पुढची कडी.

रात्री लिहिलं :
आहे. एक. नाव देणार नाही.
तिला उठवायचं तर तिच्या आईचा दर वाढवावा लागेल,
जोडीमागं अकरा रुपये. हिशेब सोबत जोडला आहे.
एवढ्यावरून ऑर्डर काढून घेऊ नका.
काढलीत, तर ती सोमवारीही बसेल.

आप्पांनी चष्मा काढून वाचलं,
मग चष्मा लावून.
‘अकरा?’ म्हणाले, आणि कॅल्क्युलेटर पुढं ओढला.
बराच वेळ बटणांचा आवाज.
सही नाही, नकारही नाही.
पंख्यानं कागद उडू नये म्हणून
त्यावर वजन ठेवलं, दोनशे ग्रॅमचं,
तराजूतलंच.

चार दिवस झाले.
तराजू एका वजनाविना चाललाय,
दोनशेच्या जागी शंभराची दोन ठेवतात कारागीर,
विचारत कुणी नाही.
मी सकाळी लवकर येते,
आप्पांचं टेबल झाडते,
हळू.